गाडीतल्या जुन्या जीपीएसचा नकाशा अपडेट करायचा आहे, अधिकृत मार्ग कोणता?

घाटकरी

नमस्कार मंडळी,

आईबाबांची २०१६ ची सेडान आहे. कंपनीनेच बसवलेला टचस्क्रीन, त्यात नेव्हिगेशन, आणि नकाशा एसडी कार्डावर. कार्ड काढलं की नेव्हिगेशन बंद. गाडी घेतल्यापासून नकाशा एकदाही बदललेला नाही.

सांगली ते देवरुख ही त्यांची नेहमीची वाट: कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा. मिऱ्या–नागपूर महामार्गाच्या कामात हा रस्ता इतका बदललाय की स्क्रीनवरचा बाण बऱ्याच ठिकाणी शेतातून चाललेला दिसतो. नकाशात अजून राष्ट्रीय महामार्ग २०४ लिहिलंय, बाहेर पाट्यांवर १६६. बाबांना रस्ता पाठ आहे, त्यांचं अडत नाही. पण आई चालवते तेव्हा पुढचं वळण किती मीटरवर आहे ते मोठ्या स्क्रीनवर बघायची तिला सवय आहे, आणि पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरलं की तो आकडा तिला खरंच लागतो.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "या युनिटचं कार्ड आता येत नाही." ॲक्सेसरीजच्या दुकानात सांगितलं, "कार्ड देऊन जा, संध्याकाळपर्यंत लेटेस्ट नकाशा टाकून देतो." पैसेही अगदी कमी मागितले, म्हणूनच शंका आली.

शिवाय अमेरिकेतल्या भावाचा वापरून झालेला गार्मिन नुवी, म्हणजे काचेला लावायचं छोटं जीपीएस यंत्र, घरी पडून आहे. त्याचा इथे काही उपयोग होईल का?

सह्याद्री_प्रवासी

मोबाईल होल्डरला लावा आणि मोकळे व्हा. २०२० च्या ऑक्टोबरपासून मोटार वाहन नियमांतच लिहिलंय की गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. मी वरंध, ताम्हिणी, आंबोली सगळीकडे फोनच वापरतो. निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घेतो, मग रेंज नसली तरी अडत नाही.

घाटकरी

@सह्याद्री_प्रवासी, धन्यवाद. फोनचा पर्याय आहेच. पण आई चौसष्टची आहे. मध्येच फोन आला की नकाशा बाजूला होतो आणि ती गोंधळते. गाडीतली स्क्रीन तिच्या सरावाची आहे, म्हणून आधी तिचंच काही होतंय का बघतोय.

नकाशावाला

गाड्यांच्या हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधलं रेडिओ-नेव्हिगेशनचं स्क्रीनवालं खोकं) क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण ज्याला सरसकट 'जीपीएस' म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, उपग्रहांचा सिग्नल. तो सगळ्या जगाला फुकट आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि तिथून गाडीतलं नेव्हिगेशन खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं झालं. तेव्हा कुणी 'जीपीएसचं रिचार्ज' करून देतो म्हणाला तर तिथून उठा. दुसरी, युनिटमधलं सॉफ्टवेअर. आणि तिसरी, नकाशाचा डेटा. लायसन्स असतं ते या तिसऱ्या गोष्टीचं.

नकाशा गाडीच्या कंपनीचा नसतो. भारतात फॅक्टरीतून येणाऱ्या अनेक युनिटांत तो मॅपमायइंडियाचा असतो, ही दिल्लीची कंपनी १९९५ पासून नकाशे बनवतेय. बाहेरच्या देशांत बहुतेक वेळा हिअर किंवा टॉमटॉम. हिअर म्हणजे पूर्वीची नॅव्हटेक. नोकियाने ती घेतली आणि २०१५ मध्ये ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डाइम्लर यांनी मिळून ती नोकियाकडून विकत घेतली. गाडी बनवणारा प्रत्येक युनिटमागे लायसन्सचे पैसे या कंपन्यांना देतो. म्हणजे आपण गाडी घेतो तेव्हा नकाशा आपल्या मालकीचा होत नाही. एका विशिष्ट खोक्यावर, एका विशिष्ट आवृत्तीपुरता तो वापरायची परवानगी आपल्याला मिळते. बाकी सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

आता कार्ड. प्रत्येक एसडी कार्डाच्या आत कारखान्यातच कोरलेला १२८ बिटांचा ओळख-क्रमांक असतो, त्याला सीआयडी म्हणतात. गाडीला चेसिस नंबर असतो तसा. फाइल कॉपी करताना हा क्रमांक सोबत जात नाही आणि साध्या कार्ड रीडरने तो बदलताही येत नाही. कार्डाला कुलूप घातलेल्या युनिटांत नकाशा त्या क्रमांकाशी बांधलेला असतो. म्हणून मूळ कार्डातल्या फाइली जशाच्या तशा दुसऱ्या कार्डावर टाकल्या तरी युनिट 'कार्ड घाला' असाच संदेश दाखवत राहतं.

मग दुकानदार ते संध्याकाळपर्यंत कसं करून देतो? युनिटचं सॉफ्टवेअर फोडून. तपासणीचा भाग काढून टाकलेलं फर्मवेअर चढवलं की कुठलंही कार्ड चालतं. हे लायसन्सचं सरळ उल्लंघन आहे, ती चोरीच आहे. आणि त्यात व्यवहाराचा धोकाही आहे. फर्मवेअर चढताना मध्येच वीज गेली किंवा फाइल दुसऱ्या मॉडेलची निघाली तर युनिट लोगोवर अडकून बसतं. मग रेडिओ, ब्लूटूथ, रिव्हर्स कॅमेरा सगळंच जातं. अशा युनिटला सर्व्हिस सेंटर हात लावत नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

घाटकरी, तुम्ही हे करा. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम माहिती' किंवा 'आवृत्ती' असं पान असेल, त्यावर सॉफ्टवेअरचा आणि नकाशाचा आवृत्ती क्रमांक दिसतो. त्याचा फोटो काढा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, त्यावर छापलेला पार्ट नंबर महत्त्वाचा आहे. चेसिस नंबर घ्या. हे सगळं कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने पाठवा. सर्व्हिस काउंटरवरचा माणूस 'येत नाही' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ 'आमच्या स्टॉकला नाही' एवढाच असतो. ईमेलमध्ये नेमकं विचारा: या पार्ट नंबरसाठी निघालेली शेवटची नकाशा-आवृत्ती कोणती, ती कार्डावर मिळते की डाउनलोड करून, आणि कोड लागत असेल तर तो चेसिस नंबरला बांधलेला आहे की युनिटला.

काही गाड्यांत पद्धत वेगळी असते. रिकामा पेनड्राइव्ह गाडीत लावायचा, युनिट त्यावर आपली ओळख-फाइल लिहितं, मग पेनड्राइव्ह संगणकाला लावून अपडेटचा प्रोग्राम चालवायचा. युनिटवर कुठलं लायसन्स आहे आणि काय विकत घेता येतं ते तो प्रोग्राम सांगतो. ब्रँड कुठलाही असो, युनिट अशी फाइल लिहून देत असेल तर पुढचा रस्ता सोपा असतो.

प्रत्यक्ष अपडेट करताना इंजिन चालू ठेवा म्हणजे बॅटरी उतरणार नाही. गाडी मात्र उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती आधी बंद करा. आणि मूळ कार्ड कधीही फॉरमॅट करू नका. संगणकाने 'कार्डात दोष आहे, दुरुस्त करू का' असं विचारलं तर 'नाही' म्हणा.

तारजोडणी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण पाठिंबा. माझं स्वतःचं कार ॲक्सेसरीजचं दुकान आहे. फोडलेली कार्डं मी विकत नाही. बाहेर करून आणलेली युनिटं दुरुस्तीला येतात तेव्हा मालकाचा चेहरा बघवत नाही, कारण बहुतेक वेळा अख्खं युनिट बदलण्याशिवाय इलाज नसतो.

कंपनीने हात वर केलेच तर अँड्रॉइड हेड युनिट बसवता येतं. पण स्वस्त बघून उडी मारू नका. तुमच्या मॉडेलसाठी कपलर (मूळ वायरिंग न कापता जोडायचा प्लग) मिळतोय का ते आधी विचारा. मूळ वायरिंग कापून जोड मारायची भाषा कुणी केली तर तिथे गाडी देऊ नका. स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर चालतील का, हे बसवण्याआधी दाखवून घ्या. जुनं युनिट विकू नका, डब्यात घालून घरी ठेवा.

बे_एरियातून

नुवीबद्दल मी सांगतो. इकडे फ्रीमाँटला माझ्याकडे अजून एक चालू आहे.

यंत्राच्या मागे मॉडेलचं पूर्ण नाव बघा. आकड्यांनंतर एलएम असेल तर 'लाइफटाइम मॅप्स', एलएमटी असेल तर नकाशे अधिक ट्रॅफिक. नुसता टी असेल किंवा काहीच नसेल तर नकाशाचे वेगळे पैसे. पण 'लाइफटाइम' म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे. गार्मिनच्या अटींत लिहिलंय की यंत्राचं उपयुक्त आयुष्य किंवा गार्मिनला पुरवठादाराकडून नकाशे मिळत राहतील तो काळ, यातलं जे आधी संपेल तिथपर्यंत. यंत्राची मेमरी नव्या नकाशाला अपुरी पडली तरी आयुष्य संपलं. आणि सलग २४ महिने एकही अपडेट उतरवलं नाही तर यंत्र सेवेतून बाहेर गेलं असं धरायची त्यांना मुभा आहे. कपाटात पडून असलेल्या नुवीवाल्यांनी हे कलम जरूर वाचावं. टॉमटॉमनेही २०१८ च्या सुरुवातीला काही जुन्या मॉडेलांचे नकाशे थांबवले, तेव्हा लाइफटाइम घेतलेले लोक फार चिडले होते. त्यांचा राग मला रास्त वाटतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'लाइफटाइम' छापायचं आणि त्याची व्याख्या अटींच्या पोटात ठेवायची, हे ग्राहकाशी प्रामाणिकपणाचं नाही.

दुसरा मुद्दा प्रदेशाचा. भावाच्या नुवीत उत्तर अमेरिकेचा नकाशा असणार. लाइफटाइम असला तरी तो त्याच प्रदेशाचा, भारताचा त्यात येत नाही. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तोही त्या एकाच यंत्राला बांधला जातो, दुसऱ्याला हलवता येत नाही.

पण एक पूर्ण कायदेशीर आणि फुकट वाट आहे: ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक बनवतात, आणि त्याचं लायसन्स कुणालाही वापरायची, वाटायची परवानगी देतं. श्रेय दिलं पाहिजे आणि त्यातून बनवलेला डेटा त्याच अटींवर खुला ठेवला पाहिजे, एवढंच. त्यापासून गार्मिनसाठी बनवलेल्या फाइली मिळतात. भारताची फाइल निवडा, वळणं सांगणारी हवी, नुसती चित्रासारखी नको. जुन्या नुवीला फाइलचं नाव जीमॅपसप्प डॉट आयएमजी (gmapsupp.img) असंच लागतं. मायक्रोएसडी कार्डावर 'गार्मिन' (Garmin) नावाचा फोल्डर करून त्यात ती ठेवा. कार्ड शक्यतो लहान क्षमतेचं घ्या, फार जुनी यंत्रं दोन जीबीच्या वरची कार्डं वाचत नाहीत. यंत्राच्या आतल्या मूळ फाइलींना हात लावू नका. मग सेटिंग्जमध्ये नकाशांच्या यादीत जाऊन नव्या नकाशावर खूण करा.

मॅकवरून कॉपी केलं असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली कार्डावर तयार होतात. काही यंत्रं त्यांनी गोंधळतात, त्या पुसून टाका.

कुडाळची_ताई

ओपनस्ट्रीटमॅपचा विषय निघाला म्हणून आनंदाने लिहितेय, मी सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या भागात नकाशा भरते.

विकतच्या जुन्या नकाशात काय होतं ते झुआरीवर बघा. नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला, जुन्याच्या अगदी शेजारून जातो. आमच्या ओळखीच्यांच्या गाडीत अजून जुना नकाशा आहे. कुठ्ठाळीकडे जाताना त्यांचा बाण जुन्या पुलाला चिकटून राहतो, कारण दोन्हींत अंतर कमी आहे आणि युनिट जवळच्या माहीत असलेल्या रस्त्यावर गाडी ओढून बसवतं. पूल संपल्यावर जोडरस्ते वेगळे होतात तिथे मात्र ते चुकीच्या बाजूला वळायला सांगतं. अटल सेतूवर याच्या उलट. तिथे शेजारी रस्ताच नाही, त्यामुळे शिवडी सोडली की गाडी निळ्या पाण्यात. २१.८ किलोमीटरच्या पुलातले साधारण साडेसोळा समुद्रावर आहेत, तेवढा वेळ ते यंत्र परत फिरायला सांगत राहतं.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हे दोन्ही पूल आहेत. पण फाइल कुठल्या तारखेची आहे ते बघून घ्या, नकाशा रोज बदलतो आणि उतरवलेली फाइल त्या दिवसापुरती गोठलेली असते. दर काही महिन्यांनी नवी घेत जा.

मर्यादाही सांगते. घरनंबर टाकून पत्ता शोधणं आपल्याकडे जवळपास होत नाही. गावं, देवळं, पेट्रोल पंप, चौक नावाने सापडतात. वाडी-वस्त्या जिथे कुणी भरल्या तिथेच आहेत. साखरपा ते देवरुख रस्त्यावरचं काही राहिलं असेल तर घाटकरी, तुम्ही स्वतः भरू शकता, खातं उघडायला पैसे लागत नाहीत. गावाचं मराठी नाव भरायची वेगळी जागा आहे, ती आवर्जून भरा. मात्र दुसऱ्या कुठल्याही नकाशावरून बघून नावं किंवा रस्ते उतरवून घेऊ नका. तेही लायसन्सचं उल्लंघन होतं आणि सगळ्यांचं काम धोक्यात येतं. स्वतः फिरून बघितलेलं किंवा परवानगी असलेल्या उपग्रहचित्रांवरून काढलेलंच भरायचं.

जुन्या नुवीत देवनागरी अक्षरं दिसतीलच असं नाही, रोमन नावांची फाइल घ्या.

वाशीची_चालक

मध्येच एक प्रश्न. माझ्या जुन्या युनिटमध्ये वेळ बरोबर दिसते, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची. नकाशा अपडेट केला तर हे सुधारेल का?

नकाशावाला

@वाशीची_चालक ताई, नाही. नकाशाचा याच्याशी संबंध नाही.

जीपीएसचा मूळ नागरी सिग्नल तारीख सांगत नाही, तो आठवड्याचा क्रमांक सांगतो. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून, आणि क्रमांकाला जागा फक्त दहा बिटांची. म्हणजे १०२४ आठवडे झाले की परत शून्य. पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री, आपल्याकडे ७ तारखेची पहाट होती. ज्या युनिटच्या सॉफ्टवेअरला हे सांभाळता येत नाही ते १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडं अधिक, मागे जातं. पूर्ण आठवडेच मागे गेल्यामुळे वार मात्र बरोबर दिसतो. तुमचं युनिट वार दाखवत असेल तर ताडून बघा, खात्री पटेल.

काही युनिटांत मोजणी वेगळ्या आठवड्यापासून धरलेली असते, तिथे ही गडबड वेगळ्याच दिवशी येते. इलाज सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये आहे, कंपनीने काढलं असेल तर. नसेल तर तारखेकडे दुर्लक्ष करा. जागा आणि वळणं बरोबर येत असतील तर गाडी चालवायला काही अडचण नाही.

घाटकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढे काय झालं ते नोंदवतो, म्हणजे नंतर शोधत येणाऱ्याला उपयोग होईल.

नकाशावाला यांनी सांगितलं तसं फोटो आणि चेसिस नंबर जोडून ग्राहक सेवेला ईमेल केला. आधी ठरावीक साच्याचं उत्तर आलं. पार्ट नंबर परत लिहून तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा नीट माहिती मिळाली. आमच्या कार्डासाठी आमच्यानंतरची एक आवृत्ती निघाली होती आणि तीच शेवटची. ती कार्डावरच मिळते, डाउनलोड नाही. दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे शिल्लक होती, पावतीसह मागवून घेतली. जुनं कार्ड काढून नवं लावलं, युनिटने थोडा वेळ घेतला आणि आवृत्तीच्या पानावर नवा क्रमांक आला. कोल्हापूरच्या बाहेरचे रस्ते आता बरेच जुळतात. महामार्गाचं नवं काम अर्थातच त्यात नाही, ते झालं त्याआधीच ही आवृत्ती निघून थांबली होती.

त्या कामासाठी नुवी लावला. ओपनस्ट्रीटमॅपची फाइल कार्डावर टाकली, नकाशांच्या यादीत अमेरिकेवरची खूण काढून भारतावर केली. मलकापूरपासून पुढे जिथे गाडीतली स्क्रीन शेत दाखवते तिथे नुवी रस्ता दाखवतो. आंबा घाटातली वळणं त्यात व्यवस्थित आहेत. इंग्रजी उच्चार ऐकून आईला गावांची नावं कळत नाहीत, म्हणून आवाज बंद ठेवलाय. तिला अंतराचा आकडा पुरतो.

साखरप्याच्या पुढचे दोन फाटे त्यात नव्हते. खातं उघडून भरतोय. कुडाळची_ताई, एकदा तपासून द्याल का?

कुडाळची_ताई

नक्की. भरलेत की इथे कळवा. कच्चा रस्ता असेल तर तसं लिहायला विसरू नका, नाहीतर यंत्र लोकांना पावसाळ्यात तिकडून पाठवेल.

मराठवाडी_चाक

उपयुक्त धागा. एक भर घालतो. जुन्या नकाशात शोधताना जुनीच नावं टाका. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर लिहिलंत तर काहीच सापडत नाही. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर लिहिलं की सापडतं. समृद्धी महामार्ग नकाशात नसेल तर जिथे उतरायचं त्या इंटरचेंजजवळचं गाव गंतव्य म्हणून टाका आणि महामार्गावर असेपर्यंत यंत्राचा आवाज बंद ठेवा. खाली उतरून जुन्या रस्त्याला लागलात की ते आपोआप परत नीट सांगायला लागतं.